देवाचं इन्स्पेक्शन

जबलपूरच्या आमच्या घरमालकांनी देवाला जितक्या वेळा रिजेक्ट केलं, तितक्या वेळा लग्नाच्या बाजारात मलाही कोणी केलं नसेल, आणि त्या क्षेत्रातला माझा अनुभव काही लहान नाही. फरक एवढाच, की मला कोणी कारण सांगत नसे. काका देवाला कारण सांगत. तेही अशा आवाजात, की मदन महल स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीतले प्रवासी खिडकीशी येऊन "भैया, किसका रिजेक्ट हुआ?" असं विचारत. मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर जबलपुरात जाऊन कोणालाही विचारा. ते माझ्याहून वाढवून सांगतील.

काका म्हणजे घरमालक. मदन महल किल्ल्याच्या टेकडीखाली त्यांचं घर, खाली ते आणि काकू, वरच्या खोलीत मी. अमरावतीहून बदली होऊन आलेला, एकटा, सडाफटिंग. काकांनी सगळी नोकरी तोफगोळ्यांच्या कारखान्यात, तपासणी खात्यात काढली होती. ते निवृत्त झाले, पण तपासणी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. शर्टाच्या खिशात दोन खडू कायम. एक निळा, एक लाल. जे पास, त्यावर निळी बरोबरची खूण. जे रिजेक्ट, त्यावर लाल फुली. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला दारातच उभं केलं, बोटाच्या पेरानं छातीवर ठकठक वाजवलं, कान लावून ऐकलं, मग गर्रकन फिरवलं आणि पाठीवर काहीतरी खरडलं. मला वाटलं, इकडे पाहुण्याचं असंच स्वागत करत असतील. दिवसभर ऑफिसात जो तो मला बघून हसत होता. "बधाई हो, पास हो गए!" घरी येऊन शर्ट काढला तर पाठीवर पापडाएवढी निळी खूण!

भाजीवाला तर काकांना देवासारखा मानायचा. (ही उपमा काकांना चालली नसती.) ते गाडीवरचा एकेक टोमॅटो कानाशी धरून वाजवायचे आणि खुणा करायचे. ते पुढे गेले की मागून बायका गर्दी करायच्या, "चाचावाला टमाटर देना." काकूंची पोळीही ते उजेडाकडे धरून बघत. काकू एवढंच म्हणत, "बघा, बघा. जाड असली तर तशीच परत द्या, मी गाईला घालते. गाय काही इन्स्पेक्टर नाही." काका मुकाट्यानं खात. काकूंच्या पोळीवर फुली मारण्याची हिंमत त्यांच्यात कधीच नव्हती.

त्यांचा डावा कान सरकारजमा झाला होता. गोळा पास करायचा म्हणजे काय, हे प्रत्येक भाडेकरूला पहिल्याच आठवड्यात ऐकावं लागे. गोळ्यांचा एक मोठा ढीग तयार होतो, त्याला लॉट म्हणायचं. त्यातून डोळे मिटून थोडे गोळे उचलायचे, रेंजवर न्यायचे आणि खरोखर तोफेतून उडवायचे. ते नीट फुटले की सगळ्या लॉटवर निळी खूण. कानात बोळे घालून काका तिथे उभे असत. तरी एक कान गेलाच.

"आणि मी पास केलेला लॉट," काका छाती ठोकून सांगत, "कधी परत आला नाही. काय जी? कधीच नाही!"

या माणसासमोर देवाचा पुरावा मांडायचा म्हणजे वाघासमोर वांग्याचं भरीत ठेवण्यासारखं. पण मिश्राजी रोज मांडायचे. मिश्राजींचं समोर खव्याच्या जलेबीचं दुकान. माणूस जलेबीसारखाच: गोल, गोड, काळासावळा आणि आतून रसाळ. संध्याकाळी दुकान पोराच्या हवाली करून, एका हातात जलेबीची बशी आणि दुसऱ्या हातात देवाचा पुरावा घेऊन ते ओट्यावर येत. "काय बड्डे!" अशी आरोळी देत. जबलपुरात जिवलग माणसाला बड्डे म्हणतात. मग काका उजवा कान पुढे करून बसत, काकू चहा आणत, आणि मला जिन्यावरून खाली ओढून न्यायाधीश करत. माझी पात्रता एवढीच, की मी एका बाजूची जलेबी खात असे आणि दुसऱ्या बाजूचा चहा पीत असे.

एकदा मिश्राजींनी मोबाइलवर फोटो दाखवला. आकाशात ढग, ढगात हुबेहूब गणपती, सोंडेसकट.

"अब बोलो बड्डे!"

काकांनी मोबाइल उलटा धरला. "अब ये केतली है. देव उलटा केल्यावर केतली होते काय जी?"

मग मिश्राजींनी भाचा आणला. म्हणजे त्याची गोष्ट. कटनीच्या रस्त्यावर ट्रक उलटला, भाचा हातभर अंतरावरून वाचला. "किसने बचाया?"

"आणि ट्रकवाल्याचं काय झालं?"

"उसका हाथ टूटा."

"त्याची ड्यूटी कोणाकडे होती मग? तोही कोणाचा तरी भाचाच असेल ना!"

मग मिश्राजींची साखर उतरली. नवस बोलले आणि महिनाभरात उतरली. काकांनी रिपोर्ट पाहिला, मिश्राजींना पाहिलं आणि विचारलं, "इस महीने जलेबी खाई?"

"डॉक्टर ने बंद कराई थी."

"कारणं दोन, निकाल एक. सांगा, कोणाच्या खात्यात टाकू?"

एक मात्र कबूल करायला हवं, काका देवाला नाही कधी म्हणाले नाहीत. मीच एकदा म्हणालो, "म्हणजे काका, तुम्ही नास्तिक." तर माझ्यावर असे खवळले, की टेकडीवरची माकडं घर बदलून पलीकडे राहायला गेली. "फुली पुराव्यावर आहे! पुरावा रिजेक्ट, देव पेंडिंग! माल आलाच नाही तर मालाला खराब कसं म्हणू?" आणि त्यांचा एकच नियम होता, तो ते ओट्यावर मूठ आपटून सांगत: निकाल आल्यावर नियम करायचा नाही. काय झालं तर मानाल आणि काय झालं तर सोडाल, हे आधी बोला, मग तपासा.

या नियमापायीच आम्ही एका रविवारी बॅलन्सिंग रॉकवर गेलो. किल्ल्याच्या वाटेवर एक अजस्र दगड दुसऱ्या दगडावर नखभर जागेवर टेकून उभा आहे. भूकंप झाला, गावातल्या भिंती पडल्या, हा हलला नाही. मिश्राजी म्हणाले, "इसको कौन पकड़े है? भगवान!"

"ठीक," काका म्हणाले. "आधी ठरवा. आपण ढकलू. पडला तर?"

"तो... तो हमने गिराया."

"आणि नाही पडला तर?"

"तो भगवान ने पकड़ा."

"वा! म्हणजे दोन्हीकडून तुमचंच. असा गेज, म्हणजे मापाचं भोक, मला कारखान्यात मिळाला असता तर मी जावयाची स्कूटरसुद्धा तोफगोळा म्हणून पास केली असती!"

शेवटी ठरलं. दगड पडला तर मिश्राजी महिनाभर पुरावा आणणार नाहीत. नाही पडला तर काका महिनाभर फुली मारणार नाहीत. दोघं कुंपणाच्या आत शिरले, धोतर आणि पँट खोचली, दगडाला खांदे लावले. मी डोळे मिटले. खरं सांगतो, खोटं निघालं तर धुआँधार धबधब्यात ढकलून द्या, दगड कण्हला! तो आवाज मिश्राजींच्या पोटातून आला होता, हे नंतर कळलं.

डोळे उघडून पाहतो तर दोघं दगडाला अशा नाजूकपणे टेकले होते, जसा नवा जावई सासऱ्याच्या सोफ्याला टेकतो.

"ज़ोर लगाओ, पंडितजी! देवावर भरोसा नाही काय?" काका ओरडले.

"भरोसा पूरा है. गिर गया तो नीचे हमारी दुकान है," मिश्राजी म्हणाले. मग तिरक्या नजरेनं बघत, "और तुम काहे धीरे लगा रहे हो बड्डे? तुमको तो कोई डर नहीं."

काकांनी खांदा बदलला. तेवढ्यात चौकीदार शिटी वाजवत आला. "अरे चाचा, हटो वहाँ से! हर इतवार कोई न कोई भगवान को धक्का देने चला आता है!"

पैज तिथेच बरखास्त झाली. उतरतानाच्या एका तासाच्या शांततेत जबलपूरची दुपारची झोप पूर्ण झाली म्हणतात.

खरी गंमत झाली ती श्रावण संपता संपता. सदर बाजारात आमच्या मराठी मंडळाचा गणपती बसतो. कारखान्यातली, रेल्वेतली, सरकारी कचेऱ्यांतली सगळी मराठी घरं तिथे. दरवर्षी एक जोडपं प्रतिष्ठापनेला बसतं, घराघरानं पाळी ठरलेली. जोडपंच लागतं, एकट्या बाईला बसवत नाहीत. काकूंची पाळी मागे एकदा आली होती. तेव्हा काका म्हणाले होते, "पास न झालेल्या मालासमोर मी हात जोडून बसणार नाही. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे." काकूंनी पाळी शेजारणीला दिली आणि मागे बसून प्रसादाची फळं चिरली. त्या वर्षी फळं इतकी बारीक चिरली गेली, की केळं कुठलं आणि सफरचंद कुठलं हे ओळखायला भिंग लागलं, असं मंडळात अजून सांगतात.

यंदा पुन्हा पाळी आली. मंडळाच्या दोन बायका हळदीकुंकू लावून, नारळ देऊन गेल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत सांगा हो काकू. नाहीतर पुढच्या घराला विचारू."

काकू मला जिन्यात भेटल्या. हसत होत्या, पण नारळ असा धरला होता जसा कोणी हिसकावून नेणार आहे. "घरं किती झाली आता मंडळात! पुन्हा पाळी येईपर्यंत मी भिंतीवर असेन, हार घालून. तेव्हा हे बसतील एकटे, माझ्या फोटोशेजारी सुपारी ठेवून."

"काकू, काहीतरीच काय!"

"काहीतरीच काय म्हणजे? मला त्यांच्या बाजूला बसायचं आहे, बस. एकदा. हिरव्या शालूत. शालूला कसर लागून राहिली, देव पेंडिंग राहून राहिला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर अशी गर्दी झाली, की कुत्र्यांनासुद्धा उभं राहून ऐकावं लागलं. मिश्राजींना बातमी लागली होती. ते आज बशी नाही, परातच घेऊन आले, आणि पुरावा मात्र आणला नाही. परात खाली ठेवून बसले आणि म्हणाले, "बड्डे, आज मैं पूछूँगा. मान लो, आज रात भगवान खुद आ गए. दरवाज़े पर. चार हाथ, शंख, चक्र, सब. तब मानोगे?"

काकांनी जलेबी खाली ठेवली. हे महत्त्वाचं. काका जलेबी खाली ठेवत नसत.

"आधी मी डोळे तपासून घेईन."

"आँखें ठीक निकलीं."

"मग शेजाऱ्याला बोलावीन. तुम्हालाही दिसतात का विचारीन."

"मुझे भी दिखे. जज साहब को भी दिखे. पूरे मदन महल को दिखे. मंत्री जी फोटो खिंचा के गए."

"तरी चार हातांनी चारच हात सिद्ध होतात! यांनीच हे जग बनवलं, याचा पुरावा कुठे आहे त्यात? पेटीवर लेबल आहे म्हणून आत तेच आहे असं थोडंच!"

"तो वो तुम्हारे सामने एक नई दुनिया बना के दिखाएँ!"

"ती बनवली. आधीची यांनीच बनवली कशावरून?"

मिश्राजी हसले. सावकाश, पाकात घोळल्यासारखे. "तो बड्डे, तुम्हारा नियम क्या हुआ? पहले बोलो, क्या हो जाए तो मानोगे. तुमने तो अपने गेज में छेद ही नहीं रखा. जो भी आए, अटकेगा."

काकांनी सरकारजमा झालेला कान खाजवला. मी न्यायाधीश म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं, पण तोंडात जलेबी होती आणि न्यायाला घाई बरी नव्हे.

तेव्हा काकू चहाचा ट्रे ठेवून दारातच बसल्या. "मी एक विचारू काय?"

"विचार ना."

"तुम्ही जे गोळे रेंजवर उडवले, ते पुढे कुठे गेले?"

"उडवलेले कुठे जातील? संपले."

"आणि फौजेकडे गेले ते?"

"ते लॉटमधले बाकीचे."

"ते उडवून पाहिले होते?"

"अगं, उडवून पाहिले तर पाठवणार काय, धूर?" काका हसले. बाकी कोणी हसलं नाही.

"म्हणजे जो गोळा खरंच कामाला लागला, तो एकही तुम्ही तपासला नव्हता. आणि निळी खूण त्याच्यावर."

काका सावरून बसले. आता ते त्यांच्या मैदानात होते. "तो अंधविश्वास नाही. त्याला सँपलिंग म्हणतात! त्याची भावंडं उडवून पाहिली असतात. देवाची भावंडं कुठून आणणार तू? सांग! देवाचा लॉट कुठे आहे?" आणि माझ्याकडे वळून, "काय जी जज साहेब, बरोबर बोलून राहिलो की नाही?"

मला मान हलवावी लागली. मुद्दा बरोबरच होता. मिश्राजींचाही चेहरा पडला. 

"पण देवाबद्दल कोण बोलून राहिलं जी?" काकू म्हणाल्या. "मी तुमच्याबद्दल बोलून राहिली."

"माझ्याबद्दल?"

"तुम्ही मला बघायला आले होते. पाऊण तास. एक बशी पोहे खाल्ले, सांडले नाहीत, माझ्या आईला वाकून नमस्कार केला आणि जाताना आमच्या दाराची कडी ढिली होती ती आवळून गेले. एवढंच सँपल. तेवढ्यावर मी सगळा लॉट पास केला. सगळा जन्म. तुम्ही पुढे कसे निघाल, पिणार की काय, मारणार की काय, कोणाला ठाऊक होतं? मी काही तुम्हाला उडवून पाहिलं नव्हतं."

गल्लीत कोणीतरी स्कूटर बंद केली. मला वाटतं, ऐकायला.

"देव आहे की नाही ते तुम्ही आणि मिश्राजी बघा. सावकाश बघा, जलेबी आहे. तो पेंडिंग राहू द्या. मला तुमच्या बाजूला बसायचं आहे. त्याला काहून पुरावा लागून राहिला तुम्हाला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी परातीकडे. परात काही मदत करण्यासारखी नव्हती. मिश्राजींनी डोळे पुसले आणि ते पाकाचे हात असल्यामुळे पापण्या चिकटल्या. पुढचा भाग त्यांनी नुसताच ऐकला.

काका खाकरले. "आमच्याकडे एक सोय असते," ते म्हणाले. आवाज इतका हळू की स्टेशनवरचे प्रवासी नक्की निराश झाले असतील. "माल ड्रॉइंगप्रमाणे नसतो, पण काम अडलेलं असतं. तेव्हा वरिष्ठ सही करतात आणि माल तेवढ्यापुरता सोडतात. त्याला डेव्हिएशन म्हणतात."

"मग?"

"मग काय! वरिष्ठ तू. सोड मला डेव्हिएशनवर." आणि मग नेहमीच्या आवाजात, माझ्यावर, जणू मीच अडवून ठेवलं होतं, "बघत काय बसले जी? जा, मंडळात सांगून या! पुढच्या घराला विचारतील ना!"

मी सदरपर्यंत धावत गेलो. रिक्षा मागे पडल्या.

चतुर्थीला हॉल असा भरला, की गणपतीलाच जरा सरकून बसावं लागलं. काकू हिरव्या शालूत. कसर लागली होती ती जागा त्यांनी निरीखाली दडपली होती. काका पीतांबर, उपरणं. सोवळ्याला खिसा नाही, म्हणून दोन्ही खडू त्यांनी काकूंकडे ठेवायला दिले होते, आणि त्यामुळे काका अर्धा तास हात कुठे ठेवावेत या विवंचनेत. गुरुजींनी सांगितलं ते सगळं मात्र त्यांनी काटेकोर केलं. पळीतलं पाणी डोळ्यांसमोर धरून मापून सोडलं. अक्षता निवडल्या, तुटका दाणा बाजूला काढला. प्राणप्रतिष्ठा आली तेव्हा तेवढं हळूच विचारलं, "गुरुजी, मंत्राच्या आधी आणि मंत्राच्या नंतर, फरक कशानं मोजायचा?"

गुरुजी अनुभवी. म्हणाले, "काकूंच्या चेहऱ्यावर बघा."

काकांनी बघितलं. चांगलं निरखून बघितलं, पोळी बघत तसं. आणि पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

मग आरती. कान एकच, त्यामुळे काका सगळ्यांच्या एक ओळ पुढे, आणि आवाज असा, की भेडाघाटच्या संगमरवराला त्या दिवशी गेलेला तडा मी स्वतः पाहून आलोय. मिश्राजी पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत होते. आरती संपली, काकांनी तबक घेऊन समोर वंदन केलं, आणि मागून हशा सुरू झाला. पहिल्यांदा एका कोपऱ्यात, मग खदाखदा सगळ्या हॉलभर. पोरं बोट दाखवायला लागली.

"काय जी," काका मला म्हणाले, "काहून हसून राहिले हे लोक? माझी आरती चुकली काय?"

"काका, पाठीवर..."

त्यांनी उपरणं ओढून पुढे आणलं. रेशमावर, बरोबर मधोमध, पापडाएवढी निळी खूण.

"कोणी केलं हे इन्स्पेक्शन?" काका गरजले.

काकू प्रसाद वाटत होत्या. मोदक माझ्या हातावर ठेवताना मी पाहिलं, त्यांची दोन बोटं निळी होती.

"मी," काकू मान वर न करता म्हणाल्या. "उडवून न पाहता."